पाव इंच पाऊस आणि निवृत्तीचे शास्त्र

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे ओहायोपासून नेब्रास्कापर्यंत पसरलेल्या १२ राज्यांच्या सपाट व सुपीक पट्ट्यात, निवृत्त शेतकरी ही एक स्वतंत्र आणि अभ्यासयोग्य जमात आहे, आणि तिचे प्रमुख लक्षण असे की आपण निवृत्त झालो आहोत ही वार्ता तिच्या सभासदांपर्यंत सहसा पोहोचलेली नसते. कारखान्यातील फोरमन किंवा शाळेतील मुख्याध्यापक ठरल्या तारखेला निवृत्त होतो, कारण त्याला निरोप देण्यासाठी साहेब, भाषण आणि केक या तिन्ही गोष्टी उपलब्ध असतात. शेतकऱ्याला साहेबच नसल्यामुळे त्याचा निरोपसमारंभ कोणी करायचा हा प्रश्न अनिर्णित राहतो. १९३५ च्या कायद्याने सुरू झालेल्या सामाजिक सुरक्षा योजनेत, म्हणजे कमावत्या वयात कापून घेतलेल्या वर्गणीतून म्हातारपणी दरमहा रक्कम देणाऱ्या सरकारी व्यवस्थेत, १९६० साली किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पूर्ण पेन्शनचे वय ६७ ठरलेले आहे. परंतु मका आणि सोयाबीन यांनी या तरतुदीची दखल घेतलेली दिसत नाही. व्यवहारात निवृत्तीचा अर्थ एवढाच होतो की जमीन मुलाच्या ताब्यात गेली किंवा शेजाऱ्याला खंडाने दिली गेली, बँकेच्या कर्जावरची सही बदलली, आणि मत देण्याचे खाते तेवढे मूळ मालकाकडे कायम राहिले. या जमातीच्या छंदांची पाहणी केल्यास असे आढळते की हा मनुष्य उत्पन्नातून निवृत्त होतो, देखरेखीतून होत नाही. मोजणे, न्याहाळणे आणि त्यावर शेरा मारणे हा त्याचा खरा पेशा असून शेती हे त्यासाठी आयुष्यभर वापरलेले निमित्त होते.

या वृत्तीचे मूळ भूमापनात आहे. १७८५ च्या अध्यादेशाने अमेरिकन सरकारने या भागाची जमीन सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकोनांत आखून घेतली. अशा चौकोनाला टाउनशिप म्हणतात, आणि त्याचे प्रत्येकी ६४० एकरांचे ३६ भाग पडतात, ज्यांना सेक्शन असे नाव आहे. पुढे सेक्शनच्या सीमांवरून रस्ते गेले, त्यामुळे आयोवासारख्या राज्यात विमानातून पाहिले असता सगळा मुलूख बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो आणि जमिनीवरून पाहिले असता समोरून येणारी गाडी दोन मैलांवरूनच कोणाची आहे हे ओळखता येते. गाडी ओळखली की अभिवादन करणे बंधनकारक असते, मात्र त्यासाठी हात हलवणे हे भावनांचे नको इतके प्रदर्शन समजले जाते. म्हणून सुकाणूवरचा पंजा जागेवरच ठेवून फक्त तर्जनी इंचभर उचलण्याची पद्धत रूढ आहे. दोन बोटे उचलली गेली तर समोरचा नात्यातला असतो, आणि पूर्ण पंजा उचलणारा मनुष्य परराज्यातील तरी असतो किंवा त्याला काहीतरी मदत तरी हवी असते.

या रस्त्यांवर पायी चालणारा मनुष्य मात्र कोणत्याच वर्गात बसत नाही, आणि याचा अनुभव काही मराठी निवृत्तांनाही येतो. अमेरिकेत शिक्षण घेतलेल्या परदेशी डॉक्टरांनी डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे नोकरी केल्यास त्यांना मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट मिळावी, अशी तरतूद १९९४ पासून अस्तित्वात असल्यामुळे लहान लहान गावांच्या इस्पितळांत भारतीय डॉक्टर पोहोचले, त्यांत मराठीही आले, आणि मागोमाग सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी त्यांचे आईवडीलही आले. हे वडील सकाळी कानटोपी घालून प्रकृतीसाठी फिरायला बाहेर पडले की पहिल्या मैलातच एखादा पिकअप ट्रक शेजारी थांबतो आणि गाडी कुठे बंद पडली, अशी आस्थेने चौकशी होते. गाडी बंद पडलेली नसून आपण नुसतेच चालत आहोत, हे उत्तर ऐकून चालक मान डोलावतो आणि डॉक्टरीणबाईंच्या घरी फोन करून सर्व ठीक असल्याची खात्री करून घेतो.

जमातीच्या गणवेशात टोपीचे स्थान सर्वोच्च आहे. ही टोपी बियाणे, खत किंवा ट्रॅक्टर विकणाऱ्या कंपनीकडून फुकट मिळालेली असते, आणि हजारो डॉलरचे बियाणे घेतल्यावर ती मिळत असल्याने तिला फुकट म्हणावे की नाही, याबद्दल फक्त बायकांमध्ये मतभेद आहेत. प्रत्येकाकडे निदान दोन टोप्या असतात: एक कामाची, जिच्यावरील कंपनीचे नाव ग्रीसखाली गेलेले असते, आणि दुसरी चांगली, जी लग्न, लिलाव आणि बँक यांसाठी राखून ठेवलेली असते. वर्षानुवर्षे टोपी घातल्यामुळे चेहऱ्याचा खालचा भाग तांबूस आणि कपाळ दुधासारखे पांढरे, अशी दुरंगी कांती तयार होते, आणि रविवारी चर्चमध्ये सर्वांनी टोप्या काढल्या की मागच्या बाकांवर पांढऱ्या कपाळांची एक रांगच उजळून निघते.

दिवसाचा पहिला कार्यक्रम म्हणजे कॉफीची बैठक. ती गावातील उपाहारगृहात भरते किंवा सहकारी संस्थेच्या एलिव्हेटरवर, म्हणजे पट्ट्याला बसवलेल्या बादल्यांनी धान्य वर चढवून साठवणाऱ्या उंच काँक्रीटच्या कोठारांच्या कचेरीत भरते. टेबल ठरलेले असते, खुर्च्या ठरलेल्या असतात, आणि एखाद्या खुर्चीचा मालक वारला तर ती काही काळ रिकामी ठेवून मग ज्येष्ठतेनुसार पुढच्याला मिळते. कॉफी पातळ असते, कारण ती पुनःपुन्हा भरून दिली जाते. बिल कोणी द्यायचे हे फासे टाकून ठरते, आणि दोन डॉलर वाचवण्यासाठी जी ईर्षा या वेळी दिसते ती शेकडो एकरांची जमीन घेतानाही दिसली नव्हती, असे जाणकार सांगतात. आदल्या दिवशीचे मक्याचे भाव, आज स्थानिक रेडिओवर वाचल्या गेलेल्या मृत्युवार्ता, आणि कोणाच्या मुलाने पेरणीची घाई केली, हे विषय क्रमाने घेतले जातात. पावसाचा विषय स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेचा असल्याने तो येथे बाजूला ठेवला आहे.

या बैठकीची भाषा समजण्यास तिची मोजपट्टी माहीत असावी लागते. येथे आनंदाचे परमोच्च टोक ‘नॉट टू बॅड’ या तीन शब्दांत सामावते, आणि ते विक्रमी पीक, नातवाचे लग्न व यशस्वी हृदयशस्त्रक्रिया या तिन्ही प्रसंगी वापरता येते. उलट बाजूला, वादळात कोठाराचे छप्पर उडून शेजारच्या सेक्शनमध्ये पडले, तर याहून वाईटही होऊ शकले असते, असे म्हटले जाते आणि सर्वजण त्याला दुजोरा देतात. निरोप घेण्याचीही रीत आहे. बसलेल्याने दोन्ही गुडघ्यांवर थाप मारून ‘वेल, निघायला हवे’ अशा अर्थाचे काही पुटपुटले की निरोपाचा केवळ पहिला टप्पा सुरू होतो. दुसरा दाराशी, तिसरा पिकअपच्या खिडकीशी आणि चौथा इंजिन सुरू झाल्यावर पार पडतो, व महत्त्वाच्या बातम्या, उदाहरणार्थ कोणाची जमीन विकायला निघाली आहे, या चौथ्या टप्प्यासाठी राखून ठेवलेल्या असतात.

बैठकीनंतर पिकांची पाहणी असते. यासाठी पिकअप ट्रक खडीच्या रस्त्यावरून अशा बेताने चालवला जातो की मागे अडकलेल्या तरुण वाहनचालकाला स्वतःच्या निवृत्तीचा विचार करण्यास पुरेसा अवधी मिळावा. पाहणीचा उद्देश दुसऱ्याच्या शेतातील उणीव शोधणे हा असून, सोयाबीनच्या हिरव्या गादीतून डोके वर काढणारी मक्याची चुकार ताटे ही सर्वांत गंभीर उणीव मानली जाते. गेल्या हंगामात सांडलेल्या दाण्यांतून ती आपोआप उगवतात, पण त्यांचा संबंध बियाण्याशी न जोडता शेतमालकाच्या संस्कारांशी जोडला जातो. पूर्वी पेरणीच्या ओळी सरळ आहेत की वाकड्या हा समीक्षेचा मुख्य विषय असे, आणि रस्त्यालगतची एखादी ओळ वाकडी गेली तर तिचा उल्लेख हिवाळ्यापर्यंत होत राही. उपग्रहांच्या खुणेवर ट्रॅक्टर आपोआप वळवणारी यंत्रणा आल्यापासून सगळ्यांच्याच ओळी दोरी धरल्यासारख्या सरळ जाऊ लागल्या, त्यामुळे समीक्षेच्या या शाखेचे फार मोठे नुकसान झाले असून ज्येष्ठांनी ते अद्याप मनोमन स्वीकारलेले नाही. उरलेली समीक्षा घरच्या अंगणात होते. शेकडो एकर मुलाला दिल्यावर हाती राहिलेल्या दोन एकर गवतावर बसून चालवायचे कापणीयंत्र आठवड्यातून दोनदा फिरते. गवत जोमाने वाढावे म्हणून त्याला खत घातले जाते आणि मग ते जोमाने वाढते अशी तक्रार केली जाते. अंगण संपले तरी यंत्रात पेट्रोल शिल्लक असेल, तर रस्त्याकडेचा सरकारी उतारही कापला जातो.

छंदांपैकी सर्वांत खर्चिक छंद जुन्या ट्रॅक्टरांचा आहे, आणि त्यात धर्मपंथांइतकेच कडक पंथ आहेत. हिरवा व पिवळा रंग म्हणजे इलिनॉय राज्यातील जॉन डिअर कंपनी, लाल म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा फार्मॉल, नारिंगी म्हणजे विस्कॉन्सिनमधील अ‍ॅलिस-चामर्स. आंतररंगीय विवाह होतात, परंतु एकाच गोठाघरात दोन रंग ठेवणाऱ्याकडे थोड्या संशयाने पाहिले जाते. जॉन डिअरच्या जुन्या दोन सिलिंडरांच्या ट्रॅक्टरचा थांबून थांबून ‘पॉप-पॉप’ असा आवाज येत असल्याने त्याला ‘जॉनी पॉपर’ म्हणतात; १९६० साली कंपनीने चार व सहा सिलिंडरांची नवी पिढी आणली आणि हा आवाज शेतातून गेला, तो निवृत्तांच्या शेडमध्ये येऊन राहिला. छंदाचे अर्थशास्त्र साधे आहे: वडिलांनी कधीकाळी भंगाराच्या भावाने विकलेला ट्रॅक्टर मुलाने साठीत शोधून काढायचा, नव्या पिकअपच्या तोडीची रक्कम त्यावर घालायची, तो मूळ रंगात रंगवायचा आणि वर्षातून दोनदा मिरवणुकीत चालवायचा. आयोवातील माउंट प्लेझंट येथे १९५० पासून मळणीयंत्रांच्या जुन्या जाणत्यांचे जे संमेलन सप्टेंबरच्या सुमारास भरते, तेथे वाफेवरची यंत्रे खरोखर धान्य मळून दाखवतात, आणि तरुणपणी याच कामातून सुटका व्हावी म्हणून देवाची प्रार्थना केलेले लोक ते पाहण्यासाठी तिकीट काढतात.

स्त्रियांच्या निवृत्तीबद्दल फार लिहिता येत नाही, कारण ती अद्याप आढळून आलेली नाही. शेत गेले तरी भाजीचा वाफा, फळे व भाज्या बरण्यांत हवाबंद करण्याचा उद्योग, आणि चर्चच्या तळघरातील स्वयंपाकघर या तीन संस्था त्यांच्याकडे राहतात. ल्यूथरन चर्चच्या तळघरांत बायका तुकडे जोडून ज्या गोधड्या शिवतात, त्यांपैकी असंख्य गोधड्या मदतसंस्थेमार्फत परदेशांतील निर्वासितांपर्यंत जातात. गावात कोणी वारले तर अंत्यविधीनंतरच्या जेवणाला हॅम सँडविच आणि हॉटडिश, म्हणजे मांस, दाटसर सूप व बटाट्याचे तळलेले गोळे एकत्र भाजून केलेला पदार्थ, किती माणसांना लागेल याचा अंदाज याच बायका काढतात, आणि तो चुकत नाही. त्यांची एकमेव अडचण म्हणजे झुकिनी हे भोपळ्याच्या कुळातील फळ. त्याची दोन रोपे एका कुटुंबाला पुरून उरतात आणि लावताना मात्र प्रत्येकजण सहा लावतो. म्हणून ज्या गावात वर्षभर कोणी गाडीला कुलूप लावत नाही, तेथे ऑगस्टमध्ये ते लावावे असा सल्ला दिला जातो, नाहीतर चर्चमधून परतल्यावर मागच्या सीटवर झुकिनीची पिशवी सापडते.

हिवाळ्यात शेत गोठते, पण मोजणी गोठत नाही. मिनेसोटात माणसाने पायी चालण्यासाठी तळ्यावरचे बर्फ निदान चार इंच जाड असावे असा सरकारी सल्ला आहे, तेव्हा निवृत्त मनुष्य आधी बर्फ मोजतो, मग त्यावर शेगडी असलेले लहानसे खोपटे ओढून नेतो, गिरमिटाने बर्फाला भोक पाडतो आणि दिवसभर त्या भोकाकडे पाहत बसतो. मासा मिळाला तर उत्तम. पण तो नाही मिळाला तरी दिवस वाया गेला असे कोणी म्हणत नाही, कारण घरी राहिल्यास तळघर आवरावे लागले असते.

हे सारे मर्यादेतले छंद झाले. मर्यादेपलीकडचा आदर्श पाहायचा असेल तर मिनेसोटातील डार्विन या गावी जावे लागते. तेथील फ्रान्सिस जॉन्सन या गृहस्थाने १९५० साली गवताचे भारे बांधण्याची सुतळी गुंडाळण्यास सुरुवात केली आणि २९ वर्षे ती गुंडाळत राहून सुमारे १२ फूट व्यासाचा व १७,४०० पौंड, म्हणजे जवळपास आठ टन, वजनाचा गोळा तयार केला. निवृत्तीची तयारी वेळीच सुरू करावी, या अर्थतज्ज्ञांच्या सल्ल्याचे इतके काटेकोर पालन क्वचितच झाले असेल. कॅन्ससमधील कॉकर सिटी येथे फ्रँक स्टोबर यांनी १९५३ मध्ये असाच गोळा सुरू केला, आणि त्यांच्या पश्चात गावकरी आजही दर ऑगस्टमध्ये त्यात सुतळीची भर घालतात. त्यामुळे जगातील सर्वांत मोठा गोळा कोणता, या वादात डार्विनचा दावा ‘एकट्या माणसाने गुंडाळलेला’ या विशेषणावर उभा आहे, आणि दोन्ही गावांनी आपापल्या गोळ्यावर छप्पर घातले आहे.

आता पावसाचे प्रकरण. बैठकीत रात्रीच्या पावसाचा आकडा आधी कोणी सांगत नाही, कारण आधी सांगणारा हरतो: त्याने ४० शतांश इंच म्हटले की दुसरा ४५ सांगतो, तिसरा आपल्या कुंपणापर्यंत येऊन पाऊस कसा वळून गेला ते सांगतो, आणि चौथा, ज्याला सर्वांत जास्त झालेला असतो, तो फक्त ‘पुरेसा झाला’ म्हणतो. हे आकडे पर्जन्यमापकातून येतात. चांगला पर्जन्यमापक म्हणजे चार इंच व्यासाची पारदर्शक प्लास्टिकची नळी, तिच्यावर नरसाळे, आणि आत एक बारीक नळी. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ आतील नळीच्या दहापट असल्याने एक इंच पाऊस आत दहा इंच उंच चढतो, आणि त्यामुळे इंचाच्या शंभराव्या भागापर्यंत वाचन करता येते. मापक झाडे व घर यांपासून दूर, खांबावर बसवावा लागतो, आणि ती जागा बहुधा बायकोने फुलझाडांसाठी नेमलेली असते. सकाळी सात वाजता, अंगावर झोपेचे कपडे आणि पायांत रबरी बूट अशा वेषात, निवृत्त मनुष्य नळीसमोर डोळा पातळीवर आणून वाकतो, कडेला वर चढलेले पाणी सोडून मधला खळगा वाचतो, आणि आकडा वहीत लिहितो. नळीच्या तळाशी नुसती ओल दिसली तर ‘अत्यल्प’ अशी नोंद होते, आणि ती ओल पावसाची की दवाची यावर बैठकीत खल होतो. हिवाळ्यात नरसाळे व आतील नळी काढून ठेवतात, नाहीतर पाणी गोठून ती तडकते. बाहेरच्या नळीत पडलेला बर्फ मोजलेले कोमट पाणी ओतून वितळवतात व ओतलेले पाणी वजा करून उत्तर काढतात.

वरकरणी हा सगळा रिकामपणाचा उद्योग वाटतो, परंतु अमेरिकेच्या हवामानाचे ज्ञान त्यावरच उभे आहे. १८९० पासून चालत आलेल्या सहकारी निरीक्षक योजनेत हजारो बिनपगारी नागरिक रोजचे तापमान व पाऊस नोंदवून सरकारी हवामान खात्याला कळवतात, आणि देशाच्या बदलत्या हवामानाचा शंभर वर्षांचा आलेख काढताना शास्त्रज्ञांना मुख्यतः याच वह्यांकडे जावे लागते. कुंपणाशी येऊन वळलेल्या पावसाची तक्रारही खोटी नाही. १९९७ साली कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स शहराच्या एका भागात १० इंचांहून अधिक पाऊस कोसळून पूर आला, तेव्हा काही मैलांवर त्याचा लहानसा अंशच पडला होता. विरळ केंद्रांना असा पाऊस सापडत नाही हे लक्षात आल्याने पुढच्याच वर्षी घरोघरच्या मापकांचे ‘कोकोराज’ हे स्वयंसेवी जाळे तेथे सुरू झाले व देशभर पसरले. सहकारी योजनेत ५० वर्षांच्या सेवेसाठी दिला जाणारा सन्मान नेब्रास्कातील एलवुड येथील एडवर्ड स्टोल यांच्या नावाचा आहे, ज्यांनी ७६ वर्षे नोंदी केल्या. ७० वर्षांचा सन्मान त्याच राज्यातील एल्समिअर येथील रूबी स्टफ्ट या बाईंच्या नावाचा आहे, त्यामुळे पूर्वी मांडलेल्या स्त्रियांच्या निवृत्तीविषयीच्या निष्कर्षालाही सरकारी पुरावा मिळतो.

तात्पर्य, मिडवेस्टमध्ये कोणा निवृत्त शेतकऱ्याची गाठ पडल्यास वेळ कसा जातो हा प्रश्न त्यास विचारू नये, कारण तो त्याला समजत नाही. तब्येतही विचारू नये, कारण उत्तर ‘नॉट टू बॅड’ हेच येते. रात्री किती झाला, एवढेच विचारावे, आणि विचारण्यापूर्वी हाताशी निदान तासभर मोकळा आहे याची खात्री करून घ्यावी.